उडदाच्या रस्त्यावर थांबलेली शर्यत

रस्त्यावर उडीद पसरलेला होता. शेंगांसकट उपटून आणलेली वाळकी झाडं डांबराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घातलेली, आणि पुढच्या वळणापलीकडेही तेच दिसत होतं. ड्रायव्हरने ब्रेक मारला तशी आमची गाडी जराशी घसरून थांबली. चारचाकी घसरते तिथे दोन बोटं रुंदीच्या टायरवरचा माणूस काय करणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मागून सेल्वराज येत होता, एकटा. त्याच्या मागे दोन मिनिटांवर शंभरेक सायकलस्वारांचा घोळका, आणि घोळक्यामागे टीमच्या गाड्या, टीव्हीच्या मोटरसायकली, ॲम्ब्युलन्स. सगळे ओरत्तनाडुच्या दिशेने, भर वेगात. मी गाडीतून उतरले. मार्च संपत आला होता आणि डांबर बुटातूनही भाजत होतं.

मी त्या शर्यतीची कमिसेर होते. कमिसेर म्हणजे सायकल शर्यतीचा पंच. एरवी मी तंजावूरच्या एका कॉलेजात फिजिकल एज्युकेशन शिकवायची. तरुणपणी पुण्याला कोर्स केला, तिथे देवनागरी वाचायला-लिहायला शिकले. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत ते फारसं कोणाला येत नाही. पंचाची परीक्षा पुढे दिली. पंचाच्या कामात दिवसभर गाडीत बसायचं, वाकड्या मानेने मागे बघायचं आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शिव्या खायच्या. यात थ्रिल असतं असं लोकांना वाटतं. मला पाठदुखी मिळाली.

शर्यतीचा इतिहास थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका टायर कंपनीने ती सुरू केली. पहिल्या वर्षी तीनच स्टेज होते. स्टेज म्हणजे एका दिवसाची शर्यत. प्रत्येक दिवसाचा विजेता वेगळा असू शकतो, आणि सगळ्या दिवसांची वेळ मिळवून ज्याची सर्वांत कमी, तो एकूण विजेता. तेव्हा धावायला यायचे ते रेल्वेतले, सैन्यातले, पोलिसांतले लोक. रात्री शाळांच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे आणि पंक्चर स्वतः काढायचे. मग कंपनीला वाटलं की शर्यत प्रोफेशनल करावी. पगारी टीम आल्या, परदेशी टीम आल्या, स्टेज वाढले, सतरंज्या जाऊन हॉटेलं आली. जुने लोक एकेक करून गळाले. पहिल्या वर्षापासून प्रत्येक शर्यत धावलेला एकच माणूस उरला होता, तो सेल्वराज.

त्याने एकही स्टेज कधी जिंकला नव्हता. कारण त्याचं कामच ते नव्हतं. प्रत्येक टीममध्ये एक-दोन स्टार असतात आणि बाकीचे त्यांच्यासाठी राबतात. पाण्याच्या बाटल्या आणून देतात, पुढे राहून वारा अंगावर घेतात. घोळक्याच्या मधे बसलेल्याला वारा लागत नाही, त्याची निम्मी ताकद वाचते. पुढच्याची मात्र पिळून निघते. सेल्वराज इतकी वर्षं पुढे राहिला, दुसऱ्यांसाठी. त्या सकाळी तिरुवैयारुला, शर्यत सुटायच्या जागी, हजेरीची सही करायला आला तेव्हा मी सहज विचारलं, "काय, आज कसं?"

"मॅडम, पुढच्या सीझनला टीम मला ठेवत नाही," तो म्हणाला. "आज मॅनेजर म्हणाले, तुला जायचं तर जा पुढे. एकदा जाऊन बघतो."

सुटल्यावर थोड्याच वेळात तो घोळक्यातून निसटला. याला ब्रेकअवे म्हणतात. असे निसटणारे बहुतेक पकडले जातात. मागे शंभर जण आळीपाळीने वारा वाटून घेतात, आणि हा एकटा. पण त्या दिवशी मागच्या टीम एकमेकींकडे बघत बसल्या. ओढायचं कोणी, म्हणजे पुढे राहून वारा कोणी घ्यायचा, यावर त्यांचं जमेना. कोणी कोणी थोडं ओढायला लागलं तेव्हा फार ऊन झालं होतं आणि तेही थकले होते. मी खिडकीतून पाटी दाखवून सेल्वराजला अंतर कळवत होते. पाटीवर दोन मिनिटांचा आकडा बघितल्यावर त्याने एकदाच मान हलवली. माझ्या मनात आलं, आज हा जिंकतो. पंचाने असं काही मनात आणू नये. पण आलं.

आणि मग तो उडीद.

आमच्या भागात भात निघालं की त्याच ओलीवर उडीद पेरतात. मार्चमध्ये तो उपटतात. मळणीला बैल राहिले नाहीत, मशीन भाड्याने आणायचं तर वाट बघावी लागते. म्हणून रस्त्यालगतचे लोक झाडं डांबरावर पसरतात. टाऊन बस, लॉरी, मोटरसायकली वरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी झाडून दाणे गोळा करायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. रस्त्यावर धान्य घालू नये अशी पाटी आहे. त्या पाटीलाही मी उडीद टेकवून ठेवलेला बघितला आहे.

पण त्या दिवशी रस्ता बंद होता. आदल्या आठवड्यात मी स्वतः त्या रस्त्याने दोनदा गेले होते, तेव्हा इथेतिथे ढीग होते, इतकं नव्हतं. शर्यतीच्या ऑफिसने गावोगाव ऑटोतून माइकवर सांगितलंही होतं.

रस्त्याच्या कडेला पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली खुर्ची टाकून तुकोजी मामा बसले होते. माझ्या आईच्या नात्यातले. तंजावूरचं घर विकून इथल्या जमिनीवर राहायला आलेले. आजूबाजूला पाच-सहा बाया केरसुण्या घेऊन, आणि सगळ्यांचे चेहरे लग्नाला आल्यासारखे.

"मामा, हें काय?" मी विचारलं.

"उळुंदु," मामा म्हणाले.

"तें दिसतें मज. आजच काय म्हणून घातलां? रस्ता बंद अहे म्हणून सांगितलें नव्हे?"

"बस बंद म्हणून सांगितलां. शंभर सायकली, मागें पुढें गाड्याच गाड्या येणार, तेंही तुम्हीच माइकांत सांगितलां कीं. बसपेक्षां चाकें पुष्कळ. म्हणून चौघांचा उळुंदु एकदांच घातलों. बैस रुक्कू, मोरु पी."

मोरु म्हणजे ताक. मला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. गर्दी जमावी म्हणून ऑफिसने त्या घोषणेत गाड्यांची आणि सायकलींची जंत्री वाचली होती. ऐकणाऱ्यांनी ती नीट ऐकली होती आणि आपल्या कामाचं त्यातून उचललं होतं. त्यांचं काय चुकलं, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

मी रेडिओवर रेस डायरेक्टरना गाठलं. बापट, पुण्याचे. ते ओरत्तनाडुत मुक्तांबाळ छत्रासमोरच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेसमोरच्या, फिनिश लाइनवर, पाहुण्यांच्या शेजारी उभे होते.

"रुक्मिणीबाई, थांबवू नका," ते म्हणाले. "मंत्री आलेत. टीव्हीची वेळ ठरलेली आहे. एक लेन साफ करून घ्या."

"लेन कुठली सर, पायवाट होईल."

"मग पायवाट करा. पण थांबवू नका."

मी मामांना सांगितलं. मामांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मग तुमच्या गाड्या कशास बोलाविलां?" आणि बायांना हाक मारली. त्या बायांनी आणि माझ्या ड्रायव्हरने मिळून जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. झाडं मिठीत धरून कडेला, मागून केरसुण्या. तेवढ्यात वळणावर सेल्वराजची मोटरसायकल दिसली, म्हणजे त्याच्या पुढे चालणारा पोलीस. तोवर एका सायकलपुरती वाट मोकळी झाली होती. ती वाट खरोखर फक्त एका सायकलपुरती होती.

इथे मला ठरवायचं होतं. नियमात दोन्ही बाजू आहेत. अडथळा यायच्या आत पुढचा निघून गेला आणि मागचे अडकले, तर ते मागच्यांचं नशीब. पुढचा अडकला, तर शर्यत न्यूट्रलाइज करायची. म्हणजे सगळ्यांना थांबवायचं, कोणात किती वेळाचं अंतर होतं ते घड्याळावर धरायचं आणि अडथळा निघाला की तेवढंच अंतर ठेवून पुन्हा सोडायचं. त्याला त्या वाटेने जाऊ दिलं असतं तर तो गेला असता. शंभर जण मात्र त्या वाटेवर दोन मिनिटांनी एकदम येऊन आदळले असते. फक्त त्यांना तिथे थांबवलं असतं तर सेल्वराज फिनिशला चालत गेला तरी जिंकला असता, आणि सगळ्या टीमनी विचारलं असतं, अडथळा एकाला नव्हता तर आम्हाला कसा? शिवाय मला तो जिंकायला हवा होता. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी त्या वाटेवर उभी राहिले आणि लाल झेंडा वर केला.

तो थांबला. पाय पेडलवरून काढवेना, इतका आखडला होता. पोलिसाने त्याला धरलं.

"मॅडम, जागा आहे," तो तमिळमध्ये म्हणाला. "मी जातो. सावकाश जातो."

"सगळ्यांना थांबवतेय. तुझी दोन मिनिटं तुला परत मिळतील."

"जागा आहे मॅडम."

मी रेडिओवर मुख्य कमिसेरना कळवलं. ते घोळक्यामागच्या गाडीत होते. त्यांनी आमच्या मागच्या पुलावर घोळका थांबवला आणि अंतर लिहून घेतलं. इकडे बायांनी उरलेला रस्ता साफ करायला घेतला. सेल्वराज मामांच्या खुर्चीत बसला नाही. बसलो तर उठणार नाही, म्हणाला. सायकलच्या दांडीवर कपाळ टेकून उभा राहिला. मामांनी ताकाचा गिलास पुढे केला तोही त्याने नको म्हटला. मी घड्याळाकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघावंसं वाटत नव्हतं.

पुलावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. टीमच्या गाड्या पुढे आल्या. गार पाणी, बर्फाच्या पिशव्या, कोणाचे पाय चोळणं. मॅनेजर लोकांना शांतपणे बोलायला वेळ मिळाला. सकाळपासून जे जमत नव्हतं ते तिथे सावलीत जमलं. कोणी किती वेळ ओढायचं हे त्यांनी ठरवून टाकलं.

रस्ता साफ झाला. मी सेल्वराजला सोडलं. मुख्य कमिसेरनी बरोबर दोन मिनिटांनी घोळका सोडला. सगळं नियमाप्रमाणे, सेकंदाचीही चूक नाही. गाड्या गेल्या, सायकली गेल्या, आणि मामांच्या उडदाला एकाही चाकाचा स्पर्श झाला नाही. रस्ता उघडल्यावर संध्याकाळच्या बसनी ते काम केलं म्हणे.

मी पुन्हा सेल्वराजच्या पुढे होते, पाटी धरून. पाटीवरचा आकडा मला प्रत्येक वेळी कमी करावा लागत होता. त्याचे गुडघे बाहेर पडायला लागले, खांदे हलायला लागले. ओरत्तनाडुच्या वेशीत, बाजारपेठ सुरू होते तिथे, घोळका त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. पाणी दगडाला वळसा घालून जातं तसा. फिनिशला एक परदेशी मुलगा जिंकला. चांगला मुलगा होता, उगाच कशाला काही म्हणू. सेल्वराज कितवा आला ते मी बघितलं नाही, पण आला.

त्याच्या टीमच्या मॅनेजरने अपील केलं. पंचांच्या बैठकीत बापट माझ्या बाजूने बोलले, आणि टीव्हीची वेळ हुकल्याबद्दल मला नंतर वेगळं ऐकवलं. मुख्य कमिसेरनी माझा निर्णय एका वाक्यात योग्य ठरवला. अपील फेटाळलं. निकाल खेळाडूला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण पंचांत तमिळ मलाच येत होतं.

तो छत्राच्या पायरीवर बसला होता. बूट काढलेले, पाय पाण्याच्या बादलीत. मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"निर्णय बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "माझी दोन मिनिटं तुम्ही मला दिलीत. पण त्यांचा दम त्यांना दिलात. तो मी सकाळपासून काढला होता."

मग रिपोर्ट लिहायचा होता म्हणून मी निघाले.

पुढच्या वर्षी आमचा स्टेज वगळला. डेल्टाचे रस्ते धोक्याचे, असं कारण दिलं. शर्यत आणखी काही वर्षं दुसरीकडे चालली, मग टायर कंपनीचा उत्साह आटला आणि ती बंद पडली. सेल्वराज आता तिरुप्पूरला एका मिलमध्ये सुपरवायझर आहे, असं ऐकलं. मी रिटायर झाले.

नव्या पंचांच्या शिबिराला मला अजून बोलावतात. न्यूट्रलायझेशनचा तास मीच घेते. नियम समजावून सांगते, उडदाचं उदाहरण देते, आणि कोणी विचारलंच तर सांगते की तीच परिस्थिती आली तर आजही मी झेंडा वर करीन. मग एवढंच सांगते की घड्याळात मावतं तेवढंच पंच परत देऊ शकतो. बाकीचं ज्याचं गेलं त्याचं गेलं, आणि निकाल सांगायला जाल तेव्हा हे ठाऊक असलेलं तोंड घेऊन जा.