मेहुणा म्हणून

मी चौथी शिकलेली आणि हे मातीचे प्राध्यापक. लग्न आधी झालं, यांचं शिक्षण नंतर, म्हणून ही सोयरीक झाली. उलटं असतं तर झाली नसती.

विद्यापीठाच्या क्वार्टरात आमच्या गॅलरीत सदा माती वाळत पडलेली. ढेकळं मी लाकडी मोगरीनं फोडायची, हे चाळायचे. रानोरान हे पुरुषभर खोल खड्डे घ्यायचे, आत उतरून काळी माती कुठवर आहे, चुनखडी कुठून लागते ते पाहायचे. खणायला माझा धाकटा भाऊ. शिरड शहापूरहून मीच त्याला आणून विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीला लावलं होतं. गावोगावचे लोक म्हणायचे, हे गुप्तधन शोधून राहिलेत. भाऊ म्हणायचा, "सापडलं तर अर्धं दाजीचं, अर्धं माझं. अक्काला माती."

त्याची एकच आस होती, कायम व्हायची. रोजंदारीवाल्यांना वर्षातून काही दिवस घरी बसवायचे, म्हणजे नोकरी सलग दिसू नये. तो गुमान घरी बसायचा, परत यायचा.

हे विभागप्रमुख झाले, मग कुलसचिव. घरात माती यायची थांबली. फायली आणि माणसं यायला लागली. मला चहाचं काम वाढलं, एवढाच फरक.

पुढं रोजंदारीवाले गेटवर उपोषणाला बसले आणि जुन्या माणसांना कायम करायचं ठरलं. नावं यांच्याच टेबलावरून पुढं जाणार होती. भाऊ आधीच पेढे घेऊन आला. मी म्हटलं, कागद हातात येऊ दे. तो हसला. घरचाच माणूस साहेब असताना कागदाची काय धास्ती, असं त्याला वाटलं.

कागद आला. त्याच्या मागून लागलेली पोरं कायम झाली, हा राहिला. जेवताना मी यांना विचारलं.

"त्याचं नाव घातलं असतं तर लोकांनी सगळ्यांच्याच नावांवर बोट ठेवलं असतं," हे म्हणाले. "माझा मेहुणा आहे तो."

"खड्डे काय त्यानं मेहुणा म्हणून खणले?"

यांनी भाकरी पुरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. भांडला नाही. उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "दाजी, अक्का तुमच्या घरी दिली नसती, तर मी कायम झालो असतो ना?"

"व्हय," हे म्हणाले. खोटं बोलले नाहीत, तेवढं मी मानते.

तो गावी परतला. रोजानं जायचा, हंगामात हळद शिजवायच्या कढईवर. एका वर्षी उकळतं पाणी अंगावर आलं, उजवा हात भाजला. बोटं आखडली ती आखडलीच. मी पाठवलेलं काही त्यानं घेतलं नाही.

हे रिटायर झाल्यावर गावानं विहारात सत्कार ठेवला. बोलणारा रंगात येऊन म्हणाला, "साहेबांनी सख्ख्या मेहुण्यालासुद्धा लावून घेतलं नाही, असा माणूस पाहिला का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मागं चपलांपाशी बसला होता. त्यानंही वाजवल्या, त्या हातानं वाजतील तेवढ्या. शेजारची बाई मला म्हणाली, तुमचं नशीब मोठं. मी म्हटलं, माझं असेल.

हार गळ्यात ठेवूनच हे त्याच्यापाशी गेले. म्हणाले, "आता मी खुर्चीवर न्हाई. आता कुणी बोलणार न्हाई. एका संस्थेत शब्द टाकतो तुझ्यासाठी."

"काय म्हणून लावता?" भावानं विचारलं.

"शिपाई, न्हाईतर वॉचमन."

त्यानं हात पुढं धरला. बोटं सरळ होत नव्हती. "आता कोण ठेवतं, दाजी," म्हणाला, आणि चपला शोधायला वाकला.

यांनी हार काढून माझ्याकडं दिला. मी घेतला नाही. तो यांनी स्वतःच जीपपर्यंत नेला.