चायनाची तीनचाकी

गाडी विकणाऱ्याने माझ्यापासून काहीही लपवलं नाही, हे आधी सांगते. परळला त्याचं छोटंसं दुकान आहे. विकतो तोच आणि दुरुस्तही तोच करतो. मी विचारलं, "बनावट कुठली?" तर म्हणाला, "मॅडम, मोटर चायना, कंट्रोलर चायना, लाइट चायना, सीट चायना. नटबोल्ट आपल्याकडे आवळलेत. इथला म्हणाल तर फक्त मी." मला माणूस आवडला. इतकं खरं बोलून धंदा करणारे कमीच भेटतात.

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी तीन चाकांची स्कूटर. एक चाक पुढे, दोन मागे. माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनंतर नुसता नावाला आहे. पायाला कॅलिपर बांधून आणि कुबडी घेऊन मी घरात फिरते, ऑफिसात फिरते, कोणाच्या बापाला ऐकत नाही. रस्ता मात्र माझा कधीच नव्हता. भोईवाड्याच्या आमच्या चाळीतून दादरच्या ऑफिसपर्यंत मला माझा थोरला भाऊ नेत असे, त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून. सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा. नोकरीला लागले तेव्हापासून हेच.

दादाने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याची गिरणी बंद पडल्यावर त्याने ज्या ज्या नोकऱ्या धरल्या त्या माझ्या ऑफिसच्या वेळा बघून धरल्या. एक चांगली नोकरी संध्याकाळी उशिरा सुटणारी होती म्हणून सोडली. हे मला वहिनीने सांगितलं, त्याने नाही. आता तो रिटायर झालाय आणि आम्ही तिघं, तो, वहिनी आणि मी, त्याच तळमजल्याच्या खोलीत राहतो. त्याचे उपकार आहेत का? आहेत. डोंगराएवढे आहेत. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला "जरा जाऊन येते" एवढं साधं वाक्य बोलता येऊ नये, याचा मला वीट आला होता. मला कुठे जायचं असलं की दोन माणसांना जावं लागायचं. आणि दुसऱ्या माणसाला कारण सांगावं लागायचं. मला बिनकारणाचं जायचं होतं.

आधी मी लालबागच्या एका गॅरेजमध्ये चौकशी केली होती. तिथे आपली नेहमीची पेट्रोलची स्कूटर घेऊन तिला दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवून देतात. खर्च या चायनाच्या गाडीहून बराच जास्त. ती चालवून पाहिली तर खड्ड्यात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज. पण खरी अडचण वेगळीच होती. तिला मागे घेता येत नाही. धडधाकट माणूस पाय टेकून गाडी मागे ढकलतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. माझ्यासारखीने ती भिंतीला तोंड करून लावली की संपलंच, कोणीतरी येऊन खेचेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. चायनाच्या गाडीला हँडलवर एक बटण होतं. दाबलं की गाडी मागे येते. शिवाय सीट फिरते, म्हणजे उतरताना पाय उचलून पलीकडे टाकावा लागत नाही. मी दुकानात ते बटण दाबून गाडी मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, टायर झिजेल." मला तर रडू येत होतं. कुठल्यातरी परक्या मुलखात कोणीतरी टेबलाशी बसून माझा विचार केला होता. माझ्या ओळखीच्या कोणी केला नव्हता.

दादाला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "चायनाचा माल," तो म्हणाला, "चार महिने. पाचव्या महिन्यात भंगारवाल्याला फोन कर." वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या डोळ्यांवरचा चष्मा कुठला? रस्त्यावरून घेतलात तो?" दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याचा चष्मा चायनाचा, टॉर्च चायनाची, ज्या मोबाइलवर तो दुपारभर चायनाला शिव्या देणारे व्हिडिओ बघायचा तो मोबाइलसुद्धा चायनाचा. पण अख्ख्या चाळीचं हेच होतं. जो उठतो तो गाडीला एक टिचकी मारून बघायचा आणि "प्लास्टिक आहे" म्हणायचा. कर्करोग सांगावा तसं.

मी काही आंधळी भक्त नाही. गाडीत खोट होती. पायाखालचं रबर महिन्याभरात सुटलं. हॉर्न जत्रेतल्या पिपाणीसारखा, त्याने माणूस बाजूला होण्याऐवजी हसतो. आरसा थरथरतो. सोबत आलेलं माहितीचं पुस्तक ज्याने लिहिलं त्याला कुठलीच भाषा धड येत नसावी. पण दादरच्या पुलाचा चढ ती कुरकुर न करता चढायची, ब्रेक पक्का होता, आणि रात्रभर खिडकीतून वायर लावून चार्ज केली की दोन दिवस बघायला नको. ज्या किमतीला घेतली त्या किमतीत आपल्याकडे कोणी मला बॅटरीवर चालणारी बरी व्हीलचेअरसुद्धा दिली नसती.

पहिले काही दिवस दादा माझ्या मागे आपल्या स्कूटरवरून यायचा. लपून. त्या थरथरत्या आरशात मला त्याचं हेल्मेट दिसायचं, नायगावच्या वळणापासून थेट ऑफिसच्या फाटकापर्यंत. मी एकदा सिग्नलला थांबून मागे वळून म्हटलं, "दादा, पेट्रोल फुकट मिळतं का?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मग मी ऑफिस सुटल्यावर शिवाजी पार्ककडे गाडी वळवायला लागले. कट्ट्याजवळ लावायची, सीट फिरवायची आणि बसायचं. नेटमध्ये पोरं बॅटिंग करतात ते बघायचं. चणे खायचे. कोणाला ठाऊक नाही की मी इथे आहे, एवढ्यावरच मी खूश असायची. घरी गेल्यावर दादा चाळीच्या फाटकाशी उभाच. "उशीर?" "ट्रॅफिक," मी म्हणायची. त्याला पटायचं नाही. मी त्याला पटवायलाही जायची नाही.

मग दसरा आला. दसऱ्याला चाळीतल्या झाडून सगळ्या गाड्या दादा धुतो. हे काम त्याने कोणी न सांगता अंगावर घेतलंय. कोपऱ्यातल्या नळाला पाइप लावायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि एकेक गाडी नवरीसारखी न्हाऊमाखू घालायची. त्या वर्षी त्याने पहिला मान माझ्या गाडीला दिला. मी खिडकीतून बघत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, राग गेला.

गाडी धुऊन झाल्यावर त्याने मला हाक मारली. "इंजिन कुठे गो हिचं?" दादा मनापासून बोलला की त्याच्या तोंडी मालवणी येते. त्याची पद्धत अशी की स्वस्तिक हँडलवर काढायचं आणि दुसरं इंजिनवर, कारण चालवतं ते इंजिन. मी म्हटलं, "हिला इंजिन नसतं रे." त्याला ते पटलं नाही. सीट उचलून त्याने शोधलं, तर तिथे वायरी जोडलेला एक काळा डबा. हेच इंजिन, असं त्याने ठरवलं. त्यावर पाइप धरला, फडक्याने घासला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते वाकडं आलं म्हणून पुन्हा पाण्याने धुतलं आणि पुन्हा काढलं. मग झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ. वहिनीने ओवाळलं. मी बसले, चावी फिरवली.

काहीच झालं नाही. समोरच्या काचेवर आकडे एकदा लुकलुकले आणि विझले.

अर्ध्या चाळीने येऊन बघितलं. "चायना," कोणीतरी म्हणालं. "सांगत होतो ना," दादा म्हणाला. बोलला हळूच, पण चेहरा उजळला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी बोलणार काय? मलाही तेच वाटलं होतं. फसले, दुसरं काय! त्या दुकानदारालाही मी मनात चार शिव्या हासडल्या.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मला आठवत नाही तो शर्ट त्याने शेवटचा कधी घातला होता. मी कुबडी आडवी धरून मागे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. तो गुणगुणत होता. हिंदमाताच्या सिग्नलला शेजारच्या रिकाम्या टॅक्सीच्या ड्रायव्हरशी उगाच बोलला, हवापाण्याचं. संध्याकाळी वेळेच्या आधीच फाटकाशी हजर. मी शिवाजी पार्कचं नाव काढलं नाही. काय म्हणून काढणार? "मला तिथे नेऊन बसव आणि तू लांब जाऊन उभा राहा" असं सांगू? वहिनीने रात्री विचारलं, "नाराज आहेस?" मी म्हटलं, "नाही." खोटं होतं. एवढं पुढे येऊन मी परत त्याच सीटवर बसले होते, आणि तो इतका खूश होता की मला त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं.

रविवारी दुपारी दुकानदार हत्यारांची पिशवी घेऊन आला. मी त्याला फोनवर बरंच सुनावलं होतं, त्याने ते मनावर घेतलेलं दिसलं नाही. चाळीच्या अंगणात गाडी उभी, मी पायरीवर, दादा शेजारी कमरेवर हात ठेवून. दुकानदाराने सीट काढली, काळा डबा, म्हणजे गाडीचा कंट्रोलर, सोडवला, चार स्क्रू फिरवले आणि डबा तिरका केला.

आतून पाणी आलं. लाल पाणी. वर चिकटलेली झेंडूची एक पाकळीही त्याबरोबर खाली आली.

दुकानदार पाण्याकडे बघत राहिला. "पाइप मारला का हिच्यावर?" त्याने मला विचारलं. "पावसाचं पाणी चालतं हिला, ते वरून येतं. पाइपचं नाही चालत." मी दादाकडे बघितलं नाही. गॅलरीत दोघं-तिघं उभे होते, त्यातला एक वरून म्हणाला, "पाण्याने बंद पडते म्हणजे चायनाच ना शेवटी."

दादा म्हणाला, "चायनाचं काय नाही. गाडी नीट होती. मी बुडवली."

तो हे इतक्या साध्या आवाजात बोलला की वरचे लोक आत निघून गेले.

नवा डबा परळलाच मिळाला. दुकानदार गेला आणि वहिनीचा चहा होईपर्यंत घेऊन परत आला. चायनाचाच. त्याची किंमत ऐकून दादाने दोनदा विचारलं, कारण त्याच्या स्कूटरची साधी बॅटरी बदलायला त्याहून जास्त पडले होते. पैसे त्याने दिले. मला देऊ दिले नाहीत, आणि मीही ओढाताण केली नाही. दुकानदाराने डबा बसवला, वायरी जोडल्या, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दिली. चावी फिरवून हँडल पिळलं तर गाडी लगेच सरकली.

दुकानदार गेल्यावर अंगणात आम्ही दोघंच. मी सीटवर चढून बसले. दादा फडक्याने हँडल पुसत होता, पुसायला काही नव्हतं तरी.

"एक सांगू?" तो म्हणाला. "इतके दिवस तू मागे बसलीस ना, बरं वाटलं गो. देवाला सांगत होतो, नीट नको होऊ दे. रोज सांगत होतो."

"दिसत होतं मला," मी म्हटलं.

"एरवी संध्याकाळ झाली की कपडे घालून बसतो मी. मग आठवतं, जायचं नाही."

माझ्यासाठी त्याने काय काय सोडलं हे मला माहीत होतं. मी मात्र फक्त एक मागची सीट सोडली होती आणि त्याच्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. तरी मी चावी फिरवली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

माझ्या मागे एक छोटी सीट आहे. बस म्हटलं असतं तर तो बसला असता. वहिनीने ते मला नंतर ऐकवलंही, चांगलंच ऐकवलं. पण मी म्हटलं नाही. बटण दाबून गाडी मागे घेतली, फाटकाकडे वळवली आणि निघाले. लहानपणापासून याच पायरीवर बसून मी जाणाऱ्यायेणाऱ्यांकडे बघत आले होते, शाळेला जाणारी पोरं, गिरणीत जाणारे बाप्ये, दादासुद्धा. त्या संध्याकाळी पायरीवर दादा होता आणि जात मी होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी गाडी थांबवली नाही.