अंगठ्याची भरपाई

माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुण्यातल्या एका लाकडाच्या वखारीत गेलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आमचं घर भोरच्या वाटेवरच्या शिवऱ्याचं. हे पेरणीला आणि सुगीला घरी यायचे, एरवी एका मुकादमाच्या टोळीतून वखारीत कामाला असायचे. तिथं विजेवर फिरणारी गोल करवत होती. वखारीतल्या मिस्त्रींनी ओंडका पुढं रेटायचा आणि ह्यांनी दुसऱ्या बाजूनं फळी धरून ओढून घ्यायची, असं काम चालायचं. एक ओंडका मध्येच गाठीशी अडला, झटका बसला आणि ह्यांचा हात आत गेला.

दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं ते मिस्त्रींनीच. मिस्त्री भोरचे मुसलमान, वयानं ह्यांच्याहून बरेच मोठे. प्रवाशांच्या सर्व्हिस गाडीतून उतरताना त्यांनी ह्यांना लहान मुलासारखं काखेत धरलं होतं. ओसरीवर पाणी पिऊन झाल्यावर मला म्हणाले, "वैनी, हात मी वाचवू शकलो न्हाई. पर पुढचं काय लागंल ते मला सांगा."

तेव्हा मला वाटलं, माणूस चांगला आहे म्हणून बोलतोय. त्या बोलण्याची किंमत पुढं कळली.

जखम भरत आली तसे वखारीचे मुनीम आले. बरोबर खाऊ आणला होता. सासूबाईंशी गोड बोलले, ह्यांच्या तब्येतीची विचारपूस केली आणि मग पिशवीतून एक कागद काढला.

"मालक माणुसकीनं थोडं देताहेत," ते ह्यांना म्हणाले. "कायद्यानं काही लागत नाही, कारण तू मुकादमाच्या टोळीतला, आमचा माणूस नव्हेस. तरी देताहेत. राजीनामा करून टाक, म्हणजे दोघंही मोकळे."

राजीनामा म्हटल्यावर सासूबाईंना बरं वाटलं. माझ्या माहेरीही हा शब्द चांगलाच समजला जायचा. बांधाचं भांडण कोर्टात जाऊन शेवटी दोन्ही बाजू राजी झाल्या, की त्याला राजीनामा झाला म्हणत. भांडण मिटलं, लोक पुन्हा एकमेकांच्या लग्नाला जाऊ लागले, असा त्याचा अर्थ. पण मी चौथी शिकलेले होते आणि कागद समोर होता. तो मी वाचला. मी आपल्या खुशीनं काम सोडत आहे आणि माझं मालकाकडं काहीही येणं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मी विचारलं, "ह्यो राजीनामा कुठला? मिटवायचा का सोडायचा?"

मुनीम हसले. "बाई, दोन्ही एकच."

"एकच कसं? मिटवायला दोघं लागतात. हितं तर ह्यांनीच समदं सोडलंय."

मुनिमांनी माझ्याकडं पाहायचं सोडलं. शाईची डबी उघडून ह्यांच्यापुढं सरकवली आणि सवयीनं म्हणाले, "डावा अंगठा उमटव."

ह्यांनी घोंगडीखालून हात बाहेर काढला. पट्टी बांधलेला तो हात मुनिमांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते पुटपुटले, "मग... उजवा चालेल."

"उजवा म्या कुनाला देत न्हाई," हे म्हणाले.

मुनीम कागद घेऊन परत गेले. खाऊ मात्र राहिला. तो सासूबाईंनी कुणालाही खाऊ दिला नाही, गाईला घातला.

दोन आठवडी बाजारांनंतर मिस्त्री पुन्हा आले. त्यांनी पुण्यात चौकशी केली होती. कामावर असताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यावी असा सरकारचा कायदा होता, आणि कामगारांचे दावे चालवणारे एक वकील त्यांना माहीत झाले होते. आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो. दोन जिने चढून एक अंधारी खोली, त्यात पुस्तकांच्या थप्प्या. वकील तरुण होते, डोळे चुरचुरल्यासारखे सारखे मिचकावायचे. पण समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस होती.

"मुनीम काय म्हणाले? माणुसकी?" त्यांनी विचारलं. "हे बघा, माणुसकीनं देतात ती मदत. मालकाच्या मनात आलं तर द्यायची, नाही आलं तर नाही. कायद्यानं मिळते ती भरपाई. ती मागताना हात जोडायचे नसतात. आणि मुकादमाचं म्हणाल, तर मुकादमानं माणसं आणली तरी काम वखारीचंच होतं ना? मग वखारवाला सुटत नाही. कायद्यात त्याला मूळ मालक म्हणतात."

मग त्यांनी इजा 'कामाच्या ओघात आणि कामामुळे' व्हावी लागते, असं सांगितलं. मला हे दोन्ही एकच वाटलं. तसं मी म्हणाले.

"नाही, नाही. समजा, दुपारी वखारीत काम करता करता यांना कुणी घरच्या जुन्या भांडणातून येऊन मारलं. वेळ कामाची, जागा कामाची. पण मार कामामुळे बसला का? नाही. इथं करवतच हातात घुसली. दोन्ही गोष्टी आहेत."

हे मला पटलं. नुसत्या 'आणि' या शब्दावर माणसाचं नशीब ठरू शकतं हे मला त्या खोलीत पहिल्यांदा समजलं. तोवर सगळं नीट चाललं होतं. मग वकिलांनी अर्जातलं पुढचं वाक्य वाचलं. त्यात ह्यांना 'कायम, अंशतः असमर्थ' म्हटलं होतं.

हे उभे राहिले. "असमर्थ? कोन असमर्थ?"

"अहो, तो कायद्यातला शब्द आहे..."

"बायकूफुडं म्हनताय तुमी मला. असमर्थ मानूस काय करतो ठावं हाय का? पडून राहातो. म्या पडून न्हाई राहात." एवढं बोलून हे जिना उतरून गेले.

वकील माझ्याकडं बघत राहिले. मिस्त्री ह्यांच्यामागं धावले. आमच्याकडं पुरुषाला असमर्थ म्हटलं की लोक काय समजतात हे वकिलांना सांगायची माझी तेव्हा छाती झाली नाही. मी फक्त म्हणाले, "अर्ज द्या, म्या समजावते."

समजावणं सोपं नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी दुसऱ्या दिवशी बैलं जुंपली आणि सगळं वावर एकट्यानं नांगरलं. संध्याकाळी पट्टी सोडली तेव्हा जखम उकलली होती. मी कोमट पाण्यानं धुवत होते. हे दात आवळून बसले होते. मी म्हणाले, "अवं, त्यो शब्द तुमच्यावर न्हाई. हातावर हाय. 'अंशतः' म्हंजी थोडा भाग. तुमी समदे न्हाई त्यात."

"लोकास्नी कोन सांगनार 'अंशतः' म्हंजी काय?"

मी नवी पट्टी बांधली. पण अर्जावर ह्यांनी निशाणी केली. उजव्या अंगठ्याची.

पुण्याच्या कोर्टातले एक साहेब या कायद्याचे कमिशनर म्हणून काम बघायचे. कमिशनर म्हणजे कुणी गोरा अधिकारी असणार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते आपलेच, पागोटं घातलेले, सर्दीनं बेजार झालेले गृहस्थ निघाले. वखारवाल्यांच्या वकिलांचं पहिलं म्हणणं, माणूस मुकादमाचा. ते कमिशनर साहेबांनी फार वेळ ऐकून घेतलं नाही. दुसरं म्हणणं अवघड होतं. करवतीवर लोखंडी झाकण असतं, ते ह्यांनी मुद्दाम काढलं, म्हणून हात कापला. आणि कामगारानं जाणूनबुजून बचावाची वस्तू काढली तर भरपाई नाही, असं कायद्यातच आहे.

आमच्या वकिलांनी मिस्त्रींना बोलावलं. वखारीचे मालक तिथंच समोरच्या बाकावर बसलेले होते. मिस्त्री अजून त्यांच्याच पगारावर होते.

"झाकण कुणी काढलं?"

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी नीट केली. "म्या काढलं, साहेब. ह्यो कामाला लागायच्या लई आदी. मोटं ओंडकं अडायचं, माल कमी निघायचा. मालक म्हनले काढ, म्या काढलं. तवापास्नं भिंतीवर टांगलंय. आज बी कुनी हितनं उठून जावं आन् बघून यावं."

"तुमच्या मालकांसमोर हे खरं सांगताय?"

"त्यांच्याच समूर काढलं हुतं, साहेब."

मालक छताकडं बघत राहिले. त्यांचे वकील मग ह्यांच्याकडं वळले. ह्यांनी हात उपरण्यात गुंडाळून ठेवला होता. घराबाहेर पडताना हे नेहमी तसंच करायचे.

"तुम्ही हल्ली शेतात काम करता?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

"करतो."

"नांगर धरता?"

"धरतो की."

"गवताचे भारे?"

"उचलतो."

"म्हणजे सगळं येतं तुम्हाला?"

"समदं येतं," हे ताठ मानेनं म्हणाले. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. आपल्या तोंडानं आपला दावा बुडवला असं मला वाटलं, आणि खोटं सांगायला हवं, हे तरी या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?

"मग हा माणूस असमर्थ कुठं आहे, साहेब?" वखारीचे वकील म्हणाले.

कमिशनर साहेबांनी रुमालानं नाक पुसलं आणि ह्यांना म्हणाले, "हात दाखवा."

हे हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू आवाजात. मग ह्यांनी उपरणं सोडलं आणि चारचौघांत हात वर धरला. त्या दिवसापर्यंत हा हात घराबाहेरच्या कुणी उघडा पाहिला नव्हता. मी आजूबाजूला बघितलं. कुणी हसलं नाही. एका शिपायानं मान वळवली, एवढंच.

"कायद्याला जोडलेल्या यादीत अंगठा गेला तर किती, बोट गेलं तर किती, हे ठरवून दिलेलं आहे," साहेब म्हणाले. "तो माणूस नांगर धरतो का झाडावर चढतो, हा प्रश्न इथं येत नाही. अंगठा आहे का नाही एवढंच मला बघायचं, आणि तो नाही. घ्या खाली हात. तुम्ही काम करता ही चांगली गोष्ट आहे."

ते शेवटचं वाक्य ह्यांनी गाडीत दोनदा म्हणून दाखवलं. कात्रजचा घाट उतरेपर्यंत उपरणं खांद्यावरच होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मागोमाग मालकांनी मुंबईच्या हायकोर्टात अपील करायचं ठरवलं अशी बातमी आली आणि सासूबाईंनी जेवण सोडलं. अपील या शब्दाचा आमच्या भागात धसका होता. जमिनीची अपिलं वर्षानुवर्षं चालायची; ज्यांनी लावली ते मरायचे आणि त्यांची मुलं तारखांना जायची. मी पुन्हा ते दोन जिने चढले, या वेळी एकटीच.

वकील म्हणाले, "घाबरू नका. हे अपील जमिनीसारखं नाही. एक, मालकाला आधी सगळी रक्कम कमिशनरकडं भरावी लागते, तेव्हाच अपील दाखल होतं. दोन, वरचं कोर्ट फक्त कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच ऐकतं. झाकण कुणी काढलं, हा प्रश्न कायद्याचा नाही, घडलेल्या गोष्टीचा आहे. तो इथं संपला."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "पैसे आदी भरावं लागत्यात, आत्याबाई. मगच भांडायचं." हे त्यांना एकदम पटलं. त्यांनी भाकरी मागितली. अपील पहिल्याच सुनावणीत फेटाळलं गेलं.

मिस्त्रींना वखारीनं मधल्या काळात काढून टाकलं होतं. कारण दिलं नाही. ते भोरला परत आले आणि घरीच बसून होते. आमच्या कानावर हे उशिरा आलं, कारण त्यांनी आपणहून सांगितलं नाही. भरपाई हातात पडली तेव्हा सासूबाईंच्या मनात वावराला लागून असलेला जमिनीचा तुकडा घ्यायचं होतं. ह्यांनी ऐकलं नाही. भोरला जाऊन मिस्त्रींना म्हणाले, "तुमच्या हातात कसब हाय, माज्याकडं लाकडापुरता पैका झालाय. बैलगाड्यांचं काम करू."

मिस्त्री आधी नाही म्हणाले, मग रागावले, मग त्यांच्या बायकोनं आतून काहीतरी सांगितलं आणि ते कबूल झाले. अशी ती भागी झाली. भोरच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड, चाकं, जू, नांगराचे दांडे. हे फळी डाव्या मनगटाखाली दाबून धरायचे आणि उजव्या हातानं रंधा चालवायचे. गिऱ्हाईक बघत उभं राहिलं तरी आता ह्यांना काही वाटत नसे.

युद्ध चालू असताना वेल्ह्याकडची एक बाई शेडवर आली. वखारीच्या दाव्याचं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तिचा नवरा एका सावकाराच्या राहत्या घराची कौलं चाळताना वरून पडला होता आणि कंबरेतून अधू झाला होता. मी तिला घेऊन पुण्याला गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चारच दिवसांचं किरकोळ काम, तेही राहत्या घराचं, धंद्याचं नव्हे. कायद्याच्या अर्थानं हा माणूस कामगार ठरत नाही."

बाईनं मला विचारलं, "काय म्हनत्यात?"

कामगार नाही हे तिला कसं सांगायचं? तो माणूस लहानपणापासून कामाशिवाय दुसरं काही करत आलेला नव्हता.

"कायदा तुमच्या घरापत्तूर पोचत न्हाई, बाई," मी शेवटी म्हणाले.

ती पदर सावरून उठली आणि जिना उतरू लागली. मी तिच्या मागोमाग गेले. गाडीला अजून वेळ होता. आम्ही दोघींनी कोर्टाजवळच्या दुकानात चहा घेतला, आणि तिच्या नवऱ्यानं आजवर कुठं कुठं काय कामं केली ते तिनं मला एकेक करून सांगितलं.