दावणीचा लॅपटॉप

जगातली कुठलीही वस्तू बैलासारखी पारखून घेतली तर माणूस फसत नाही, यावर आमच्या थोरल्या साडूंइतकी अढळ श्रद्धा असलेला गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. लातूर जिल्ह्यात रेणापूरजवळच्या त्यांच्या गावात ते बैलांचे जाणकार. कुणाला जोडी घ्यायची झाली की लोक आधी साडूंना जीपमध्ये बसवत आणि मगच बाजाराची वाट धरत. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, साडूंनीही आपली देवणी जोडी देऊन टाकली. दावी मात्र दिली नाहीत. जनावर दारातून गेलं तरी दावं घरी ठेवायचं, म्हणजे दावण मोकळी पडत नाही, अशी रीत आहे. ती दोन दावी अजून ओसरीतल्या खुंटीला आहेत. बैल गेले तरी नजर कुठे जाते? ती फ्रिज, मोटरसायकल, शिवणयंत्र असल्या मुक्या वस्तूंवर फिरू लागली. फ्रिज घेताना त्यांनी त्याच कंपनीचा जुना फ्रिज कुणाकडे आहे याची चौकशी केली आणि त्या अनोळखी घरी जाऊन तो बघून आले, कारण जनावर घेण्याआधी त्याची आई बघावी. माझं लग्न ठरायच्या वेळी ते मला बघायला आले, तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं त्यांनी मला अंगणात दोनदा चालायला लावलं होतं. खरं कारण बायकोनं पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आपण पास झालो, एवढ्यावर मी समाधान मानतो.

अशा माणसाला कॉम्प्युटरवरच्या गेमचा नाद लागावा, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा दहावीला असताना क्लासवाल्यानं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या घरी आला. त्यावर ट्रक चालवायचा गेम होता. ट्रक लेक चालवायची आणि साडू शेजारी पत्र्याच्या खुर्चीवर किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, म्हणून बसायचे. की-बोर्डला त्यांनी जन्मात बोट लावलं नाही, पण ट्रक मागे घ्यायची वेळ आली की ते उठून उभे राहत आणि टेबलावर थाप मारत ओरडत, "येऊ दे, येऊ दे, डावं काट, येऊ दे... बास." कुठल्याशा परदेशी घाटात एकदा ट्रक दरीत गेला, त्या दिवशी साडू जेवले नव्हते. शेतातून येऊन हातपाय धुतले की त्यांचं एकच वाक्य असायचं, "चल, गाडी काढ." तीन वर्षं हा शिरस्ता चालला. आमच्या मेहुणीबाई म्हणायच्या, "सोन्यासारखा ट्रॅक्टर दारात उभा हाय अन् ह्ये बापलेक खोटा ट्रक हाकून राहिलेत."

ऋतुजा बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि त्याच महिन्यात त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरनं मान टाकली. आता नवा घ्यायचा तर लॅपटॉप की डेस्कटॉप, असा प्रश्न उभा राहिला. मी नांदेडला शाळेत मास्तर, आणि शाळेतल्या बारा कॉम्प्युटरांवरची धूळ माझ्या देखरेखीखाली झटकली जाते, त्यामुळे घरातला तज्ज्ञ मीच. मला वाटलं, तासाभराचं काम. पण नांदेडच्या एकाच दुकानात आम्ही तीन चकरा मारल्या. साडूंनी पहिला लॅपटॉप सात वेळा बंद करून चालू करायला लावला, कारण जनावर उठताना कसं उठतं ते बघायचं असतं. मग त्यावर ट्रकचा गेम लावला आणि त्याच्या कुशीला तळहात लावून ते पाऊण तास बसून राहिले. बाहेर नांदेडचं ऊन रणरणत होतं. "गुरुजी, लई धापा टाकून राहिलाय," ते मला म्हणाले. "उन्हाचं न्हाई ह्ये. बसकं निघंल, भर कामात बसंल." मग त्यांनी दुकानातल्या पोरसवदा मालकाला याचं तोंड उघडून दाखव असं सांगितलं. त्यानं लॅपटॉपची झडप उघडली. "ती न्हाई, आतलं," साडू म्हणाले. लॅपटॉप असा दुकानात खोलत नसतात, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. "तोंड उघडू न देणारं जनावर घ्यायचं न्हाई," एवढं बोलून साडू डेस्कटॉपकडे वळले. त्याचा पत्रा सहज निघाला, आतले पंखे दिसले, पुढेमागे काय बदलता येईल तेही कळलं. साडू प्रसन्न झाले. "ह्यो लाल कंधारी हाय," त्यांनी जाहीर केलं. लातूरकडच्या माणसानं नांदेडकडच्या बैलाचं नाव कौतुकानं घ्यावं, ही साधी गोष्ट नव्हे. मला तर मानपत्र मिळाल्यासारखं झालं.

आता गंमत अशी की त्यांची सगळी कारणं बरोबर होती. गेमसाठी डेस्कटॉप थंड राहतो, जास्त टिकतो, दुरुस्त होतो, हे मीही सांगितलंच असतं. फक्त ऋतुजा पुण्याला वसतिगृहात राहणार होती, आणि तिथे तो डोलारा कुठे न्यायचा, हे मी विचारलं की ते दुसरंच काही बोलायचे. तिसऱ्या चकरेनंतर आम्ही रसवंतीवर बसलो होतो. त्यांनी ग्लासातला बर्फ बोटानं काढून टाकला. मग म्हणाले, "गुरुजी, लॅपटॉप घेतला का त्यो बी पोरीसंगं जातोय. डेस्कटॉप घरी ऱ्हातो. सुट्टीला आली तर गाडी काढायला कायतरी पायजे का न्हाई?" मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. इतके दिवस या माणसाच्या तऱ्हेवाईकपणाला मी मनातल्या मनात हसत होतो, त्याची मला लाज वाटली.

चौथ्या चकरेला मात्र ते एकटेच गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. सात वेळा उठवलेला, धापा टाकणारा तोच. कारण विचारलं तर म्हणाले, "काम तिला करायचंय. आपल्या दारात बांधून ठेवायला घेतात व्हय जनावर?" 

ऋतुजा पुण्याला निघाली त्या दिवशी मी आणि बायको त्यांच्या गावी गेलो होतो. पिशव्या बाहेर आल्या, जीप उभी राहिली, आणि साडूंनी लॅपटॉपची बॅग उघडून त्याच्याबरोबर आलेला वायरचा माऊस तेवढा काढून घेतला. "ह्यो ऱ्हाऊ दे घरी," ते म्हणाले. "दारातून चाललंय, दावं ठेवावं लागतंय." मेहुणीबाई वैतागल्या, माऊसशिवाय पोरीनं काय करायचं म्हणून. ऋतुजानं खुंटीवरच्या त्या दोन दाव्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेवा, पप्पा." साडूंनी वायरीचा नीट वेढा करून माऊस खुंटीला अडकवला.

मग रविवारी-रविवारी ती मोबाइलवरून ट्रक दाखवायची आणि साडू इकडून ओरडायचे. पण रेणापूरचं "बास" पुण्याला पोचेपर्यंत ट्रक फाटकाला धडकलेला असायचा. दोन-तीन रविवारांनी साडू म्हणाले, "राहू दे, उगं गाडीचं नुकसान." ते सोडून त्यांनी माझ्याजवळ कधी तक्रार केली नाही, तब्येत छान होती, पेरणी वेळेवर झाली होती. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर काय करायचं, हे तेवढं त्यांना सुचत नसे.

दिवाळीत आम्ही भेटायला गेलो तर लेक सकाळीच आली होती. तिनं पुण्यात बिनवायरचा छानसा माऊस घेतला होता. साडूंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्याला दावंच न्हाई की," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला. ऋतुजा उठली. ओसरीत गेली, टाच उंचावून खुंटीवरचा माऊस काढला, ओढणीनं पुसला आणि लॅपटॉपला लावला. मग पत्र्याची खुर्ची शेजारी ओढून म्हणाली, "बसा पप्पा, मागं घ्यायचीय गाडी."

साडू बसले आणि लगेच उठून उभे राहिले. टेबलावर थाप पडली. "येऊ दे, येऊ दे..." मी बायकोला म्हटलं, निघू या, नांदेड गाठायचंय. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "थांबा हो, गाडी तेवढी लागू द्या."