टोरांटोचा अभ्यास आणि सईचे सासू-सासरे

आता तुमच्यापासून काय लपवायचं! कॅनडातल्या शहरांचा इतिहास माझ्याइतका अमेरिकेतल्या ह्या अख्ख्या आयसेलिन गावात कोणाला येत नाही. बरं, शहरांचा नाही, एका शहराचा. तोही चार दिवस मोबाइलवर बघून पाठ केलेला. नववी नापास माणूस मी, आणखी काय करणार?

पण ह्याच विद्वत्तेनं माझ्या नातीचं लग्न मोडायची वेळ आणली, ते ऐका.

सईचं आणि अनिकेतचं आपसात ठरलेलंच होतं. तरी रीत म्हणून त्याचे आईवडील कॅनडाहून सहा तास ड्राइव्ह करून आमच्याकडे पोहे खायला येणार होते. सूनबाई मेघना आठवडाभर बजावत होती, बाबा, त्या दिवशी चेष्टामस्करी कॅन्सल. तिचंही बरोबरच म्हणा. मागच्या पाहुण्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा इथे घरजावई आहे.

मग मी ठरवलं, ह्या खेपेला एकदम सीरियस विषय. त्यांच्या गावाचा इतिहास! आता कॅनडा म्हणजे टोरांटो, हे काय कोणाला विचारायचं? माझ्या ओळखीची कॅनडातली सगळी मराठी माणसं टोरांटोलाच राहतात. दोघंही.

पाहुणे आले, बसले, आणि मी सुरू झालो. पूर्वी तुमच्या गावाचं नाव यॉर्क होतं, आणि चिखल इतका की लोक ‘चिखलाचं यॉर्क’ म्हणून चिडवायचे. मग सरोवरात भराव घालून जमीन कशी केली, पाण्याकाठचा रस्ता त्यामुळे कसा आत गेला, आजूबाजूची गावं शहरानं कशी पोटात घातली, सगळं ओळीनं म्हणून दाखवलं. पाहुणे नुसते हसत होते. मला वाटलं, गहिवरलेत. मेघना किचनमधून डोळे वटारत होती. मला वाटलं, सासऱ्याची हुशारी सोसवत नाही.

मग मी आवाज चढवला. “आणि त्या मॉन्ट्रियलची काय जिरवलीत हो तुम्ही! सगळ्यात मोठं शहर म्हणून केवढा तोरा होता त्यांना. बँकांची, विमा कंपन्यांची हेड ऑफिसं उचलून आणलीत. आता तिथं उरलंय काय? बर्फ आणि म्हातारी माणसं.”

अनिकेतच्या वडिलांनी पोह्यांची डिश खाली ठेवली. लिंबूसुद्धा पिळलं नव्हतं अजून.

“आजोबा,” सई हळूच म्हणाली, “दे आर फ्रॉम मॉन्ट्रियल.”

“माझं ऑफिस टोरांटोला गेलं,” वडील म्हणाले. “मला पण बोलावलं होतं. मी नाही गेलो.”

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता की नाही? मी म्हणालो, “अजून विचारून बघा, एखादी जागा असेल.”

कोणी हसलं नाही. सईचे डोळे भरून आले होते. आयुष्यात हजार थट्टा केल्या, पण केलेली थट्टा परत घ्यावी असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आणि ती घ्यायची कशी, हे नववीपर्यंत शिकवत नाहीत.

अनिकेतच्या आईनं शांतपणे पोहे संपवले, तोंड पुसलं आणि सईला जवळ बसवून घेतलं.

“मुलगी आम्हाला पसंत आहे. लग्न मॉन्ट्रियलला करू,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि आजोबा, तुमच्या पत्रिकेवर हॉलचा पत्ता मात्र टोरांटोचा छापते.”