मुकादमाचा रविवार

"पहिले माहा डबा पाहा वो, मंग तुमचे पाहतो."

रोज संध्याकाळी राईस मिलच्या फाटकावर आमचा मुकादम स्वतःचा डबा उघडून मजूर बायांपुढे धरायचा. झडती घेणाऱ्याचीच आधी झडती! बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तुम्हीही हसला असता. मी मिलचा मुनीम, बाजूलाच उभा असायचो. मला हसू यायचं नाही.

हा माणूस आधी असा नव्हता हो. जन्माचा ख्रिस्ती, पण नाताळला नवा शर्ट घालण्यापुरता. बाकी वर्षभर जिभेवर शिव्या. हमालांची आयमाय काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

दोन हजार एकच्या सुमाराची गोष्ट. तांदळाचा एक कट्टा, अख्खं पोतं, गायब आहे, कुणीतरी डब्यातून थोडा थोडा नेला, म्हणून मी ओरडलो. मुकादमानं मजुरीला येणाऱ्या रेवंताबाईला धरलं. सगळ्यांसमोर पदर झटकायला लावला, डबा उपडा केला. लाखोळीची भाजी आणि भात धुळीत पडला. बाई डबा तिथंच टाकून गेली, ती मिलमध्ये परत आलीच नाही.

कट्टा दुसऱ्या दिवशी सापडला. ताडपत्रीखाली मीच ठेवायला लावला होता आणि मीच विसरलो होतो. मी ते फक्त मुकादमाला सांगितलं. "जाऊ द्या, कशाला वाढवता," असंही म्हणालो. तो मटकन पोत्यावर बसला.

लगेच साधू झाला म्हणाल, तर छे! त्याच आठवड्यात एका हमालाच्या अंगावर धावून गेला. पण चर्चला जायला लागला, आणि हळूहळू शिवी अर्ध्यावर थांबायला लागली. "तुह्या मायले..." म्हणायचा, डोळे मिटायचा, मग "...नमस्कार सांगजो!" हा नमस्कार ऐकायला हमाल मुद्दाम पोतं पाडायचे. कधी पुरी शिवी निघून जायची. मग दिवसभर तोंड पाडून फिरायचा.

"बदलले बरं का मुकादम," मी म्हणायचो.

"मी कायचा बदलतो गा! कृपा आहे त्याची. उकड्याचं धान पहिले भिजवा लागते ना? तसं भिजत घालून ठेवलं त्यानं मले. अजून शिजलो नाही."

दर रविवारी प्रार्थना झाली की सायकल काढून तो कुडव्याला जायचा, रेवंताबाईच्या दारात. माझी चूक झाली, म्हणायचा. ती म्हणायची, "निंग इथून." हा म्हणायचा, "निंगतो बाई. पुढच्या इतवारी येतो." पाणीसुद्धा विचारत नसे ती.

"कायले जाता हो? माफ तर करून नाही राहिली ती," मी एकदा वैतागून बोललो.

"माफी तिची आहे गा. द्याची का ठेवाची, ते तिनं ठरवाचं. आपलं काम उभं राहाचं."

माझं नाव त्यानं तिथं कधी घेतलं नाही. मीही घे म्हटलं नाही.

असे दहा उन्हाळे गेले. अकराव्यात चार दिवसांच्या तापानं तो गेला. तिला सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. म्हणून मी गेलो.

रेवंताबाई दारात भाजी निवडत होती. ऐकलं आणि हात थांबले. "मागच्या इतवारी बस म्हटलं होतं मी त्याले," ती म्हणाली. "बसला. लेकरावानी रडला." तिचेही डोळे भरले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तो कट्टा तुमालेच भेटला होता ना मुनीमजी?"

"मुकादम बोलले?"

"तो कायले बोलते! साऱ्या मिलीले माहीत होतं."

हो, बाई, चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ऊन फार आहे, येतो मी."

आता मिल सुटली, गुडघे गेले, रविवार मोकळा असतो. गाडी काढतो, कुडव्याच्या नाक्यापर्यंत जातो आणि भाजी घेऊन परत येतो. तो दहा वर्षं त्या दारात कसा उभा राहिला, देव जाणे. माझ्याच्यानं एकदाही होत नाही.