मामंजींची अर्धी भाकर

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी मलकापूरहून साखरखेर्ड्याजवळच्या खेड्यात नांदायला आले. रेल्वेच्या गावची म्हणून माझा तोरा असा, की आगगाडी जणू मीच हाकत होते. सासूबाई हयात नव्हत्या. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं जेवण उरकल्याशिवाय सुनेनं ताट घ्यायचं नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंही नाही, अशी रीत.

मामंजींचे दात शाबूत होते. तरी एकेक घास किती वेळ घोळवायचे! या गालातून त्या गालात, मग मान जराशी वर करून गिळायचे. मी चुलीपाशी भुकेनं चरफडत बसायची.

एकदा नणंदेनं विचारलं, "वहिनी, बाबाचं झालं नाही अजून?"

"कालची भाकर आज गिळून राह्यले. आजची पोळ्यापर्यंत उतरीन!" मी म्हणाले, आणि गाल फुगवून, मान उंचावून हुबेहूब नक्कल केली. नणंदेनं हसता हसता एकदम डोळ्यांनी खुणावलं. माझ्या मागे मामंजी तांब्या घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून ते अर्ध्या भाकरीवरच उठायला लागले. नणंदेला सांगायचे, "पोट भरलं." आणि मी शहाणी, लवकर जेवायला मिळतं म्हणून खूश! उरलेली अर्धीही मीच खायची, ठेचा लावून.

हिवाळ्यापर्यंत त्यांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. पुढच्या पोळ्याला ते नव्हते.

इतक्या वर्षांनी, यंदा माझाच घास तोंडात फिरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आजी, दात छान आहेत. पण जबड्याचा जोर उतरलाय, जिभेचाही. घास दाढेखाली लोटायचा, टाळूवर दाबून मागे सारायचा, हे सगळं जिभेचं काम. तीच थकली तर दात काय करतील?"

घरी आल्यावर नातसून म्हणाली, "आजी, भाकर वरणात कुस्करून देऊ का?"

"काऊन? मी काय लेकरू हाओ का?"

बोलून गेले आणि मामंजी आठवले. त्यांनीही कदाचित हेच म्हटलं असतं. पण नणंदेच्या तोंडून तरी मला विचारता आलं असतं. नक्कल करताना कुठं आली होती रीत आडवी?

"दे बाई कुस्करून," म्हणत मी ताट नातसुनेकडे सरकवलं.